गाडीचं इंजिन धुताय? डिग्रीझर निवडण्याआधी हे वाचा

काटोल परिसरात संत्र्याच्या बागांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर धूळ उडते. इंजिनवर ऑइल झिरपलं असेल तर त्यावर धूळ बसून काळा, चिकट थर तयार होतो. तो काढायला पेट्रोल वापरू नका; त्याची वाफ एका ठिणगीने पेटते. रॉकेलने काही रबरी पाइप फुगतात.

कोणता घ्यावा?
पाण्यात मिसळणारा, सौम्य डिग्रीझर पुरेसा असतो. कॉस्टिक सोडा असलेला टाळा. तो अ‍ॅल्युमिनियम खातो. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीनही ऑइल विरघळवतं, पण ते ज्वलनशील आहे.

कसा वापरावा?
इंजिन थंड होऊ द्या. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर इनटेक प्लास्टिकने झाका. डिग्रीझर इंजिनवर वाळण्याआधी ब्रशने घासून हलक्या पाण्याने धुवा. थर पुन्हा लवकर बसला, तर मेकॅनिककडून गळती तपासून घ्या.