सीट महिलेला सुटली

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलला निघते. सेनगाव असो, कळमनुरी असो, औंढा असो, चित्र सारखंच. दाटीवाटीनं भरलेलं सभागृह, बरणीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या आणि चिठ्ठी काढायला बोलावलेलं शाळेतलं एखादं लहान पोर. गावाचं नाव पुकारलं की बाहेर उभ्या असलेल्यांचे फोन सुरू होतात. ‘सीट महिलेला सुटली.’ पॅनलमध्ये कोणाच्या घरातली बाई घ्यायची याची बोलणी त्याच संध्याकाळी पारावर सुरू होतात, आणि पारावर बाई नसते.

हा ‘सुटली’ शब्द मी लहानपणापासून ऐकतो आहे. एसटीची बस सुटावी, दावणीची गाय सुटावी, तशी सीट कोणाच्या तरी हातून सुटते आणि बाईच्या ओच्यात पडते, असा त्याचा सूर असतो. पण ती आपोआप सुटलेली नाही. ती सोडवायला माणसं रस्त्यावर आली, तुरुंगात गेली, संसदेत भांडली. त्यातलं एक नाव आपल्या हिंगोली जिल्ह्यात फारसं कोणी घेत नाही. ते नाव प्रमिला दंडवते यांचं. त्यांचे पती मधु दंडवते जुन्या लोकांना आठवतात. 1977 च्या जनता सरकारात ते रेल्वेमंत्री होते आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्यामुळे. प्रमिलाताईंनी जे आणलं, ते आपल्या घराघरात येऊन पोचलं आहे. तरी त्यांची ओळख ‘मधु दंडवत्यांच्या पत्नी’ इथेच थांबते. ज्या बाईनं आयुष्यभर बायकांच्या स्वतंत्र ओळखीसाठी काम केलं, तिच्या वाट्याला हे यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रमिलाताईंचा जन्म 1928 सालचा, मुंबईचा. माहेरच्या करंदीकर. जे. जे. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या, पुढे शिक्षिका झाल्या. राष्ट्र सेवा दलात घडल्या आणि समाजवादी चळवळीत राहिल्या. 1953 मध्ये मधु दंडवत्यांशी लग्न झालं. 1968 ते 1973 या काळात त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका होत्या. नळ, गटार, शाळा, दवाखाना हे बाईच्या रोजच्या जगण्याचे प्रश्न आहेत आणि त्यांचे निर्णय भलत्याच ठिकाणी, भलतीच माणसं घेतात, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

मग आला 1972 चा दुष्काळ. मराठवाड्यात हे साल कोणाला समजावून सांगावं लागत नाही. खडी फोडायला गेलेल्या, मातीकामावर पाट्या वाहिलेल्या म्हाताऱ्या बायका आजही त्या लाल मिलोच्या भाकरीची आणि सुकडीची आठवण काढतात. ती मिलो परदेशातून आलेली. घशाखाली उतरत नसे, पण दुसरं काही नव्हतं. त्याच दुष्काळाचं दुसरं टोक मुंबईत होतं. धान्य, तेल, साखर, रॉकेल एक तर मिळत नव्हतं, किंवा मिळालं तर परवडत नव्हतं. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आणि प्रमिला दंडवते एकत्र आल्या. कोणी समाजवादी, कोणी कम्युनिस्ट. त्यांच्या पक्षांचं एकमेकांशी जमत नसे, पण चूल सगळ्यांची सारखी. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मुंबईच्या रस्त्यांवर हजारो बायका हातात लाटणं घेऊन, थाळ्या वाजवत उतरल्या. लाटणं हे काही त्यांनी मुद्दाम शोधलेलं चिन्ह नव्हतं. ते हाताशीच होतं.

इकडे दुष्काळी कामावर आपल्याकडच्या बायकांना आणखी एक गोष्ट मिळाली, तिची नोंद फारशी होत नाही. रोजगार हमीचं काम मापावर असे. खोदलेल्या खड्ड्याला बाई-पुरुष कळत नाही. जेवढं माप, तेवढा पैसा. शेतावर मात्र बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी असे आणि बहुतेक ठिकाणी आजही असते. आपल्या भागात हळद काढणीला वावरात वाकलेल्या बाया पाहा. कुदळ मारणारा गडी आणि गड्डे मोडून, माती झाडून हळकुंडं वेगळी करणारी बाई यांच्या रोजात फरक असतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘असंच आहे पहिल्यापासून.’ ऊसतोडीला, कोयत्याला जाणाऱ्या जोडप्याची तर मोजणीच एक ‘कोयता’ अशी होते. उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि बाई कोयत्याच्या अर्ध्यात धरली जाते.

जून 1975 मध्ये आणीबाणी आली. मधु दंडवत्यांना बंगळुरात अटक झाली. त्यानंतर काही दिवसांतच प्रमिलाताईंना पकडून येरवड्याला नेलं. नवरा एका राज्याच्या तुरुंगात, बायको दुसऱ्या राज्याच्या. मुलगा उदय बाहेर. जवळपास दीड वर्ष दोघांची भेट पत्रांतूनच. शेकड्यानं लिहिलेली ही पत्रं आधी तुरुंगाचे अधिकारी वाचत, मग ती पोचत. तरीही दोघं लिहीत राहिले. घराबद्दल, पुस्तकांबद्दल, देशाबद्दल. येरवड्याच्या त्या बराकीत वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र होत्या. पक्षापलीकडच्या बायकांच्या संघटनेचं बीज लाटणे मोर्चात पडलं होतं, ते तिथे आणखी खोल गेलं असावं असं मला वाटतं. 1976 मध्येच महिला दक्षता समिती आकाराला आली आणि प्रमिलाताई तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या.

निवडणुका झाल्या, तेव्हा लाटणं विसरलं गेलं नाही. 1977 मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई दोघी लोकसभेत गेल्या. अहिल्याताई मुंबई उत्तर-मध्यमधून. आणि 1980 मध्ये त्याच मुंबई उत्तर-मध्यनं प्रमिलाताईंना निवडून दिलं. एकाच मतदारसंघानं पाठोपाठ दोन मोर्चेवाल्या बायका दिल्लीला पाठवल्या. त्या लोकसभेत सगळ्या देशातून मिळून 28 बायका होत्या.

खासदार म्हणून प्रमिलाताईंनी केलेलं सगळ्यात मोठं काम हुंड्याच्या कायद्याचं, असं माझं मत आहे. ते नीट समजून घ्यायला हवं. हुंडाबंदी कायदा 1961 पासून होताच. पण तो असा बांधलेला होता की त्यात कोणी अडकूच नये. हुंडा म्हणजे काय? तर लग्नाचा ‘मोबदला’ म्हणून दिलेली वस्तू. आता कोर्टात हे कोण सिद्ध करणार? मुलाचा बाप म्हणणार, गाडी तर सासऱ्यानं हौसेनं दिली, जावयाचा मान म्हणून दिली. मोबदला कसला? त्यात पोलिसांना स्वतःहून गुन्हा नोंदवता येत नव्हता. हुंडा मागितला म्हणून खटला भरायचा, तर आधी राज्य सरकारची परवानगी लागे. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. ज्या बापाची मुलगी त्या घरात नांदते आहे, तो एवढ्या दारांतून जाणार कसा?

1980 मध्ये प्रमिलाताईंनी हा कायदा बदलण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. सत्तेत नसलेल्या खासदाराचं विधेयक सहसा मंजूर होत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण त्यामुळे प्रश्न सभागृहाच्या पटलावर आला. दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली, तिनं 1982 मध्ये अहवाल दिला आणि 1984 मध्ये कायदा दुरुस्त झाला. ‘मोबदला म्हणून’ हे शब्द गेले आणि ‘लग्नाच्या संबंधात’ हे शब्द आले. दिसायला बदल दोन शब्दांचा. पण मोबदला सिद्ध करण्याचं ओझं त्यामुळे उतरलं. लग्नाशी संबंध दाखवला की पुरे झालं. त्याच्या आगेमागे, 1983 मध्ये, नवऱ्याकडच्या छळाला शिक्षा देणारं 498-अ हे कलम आलं. 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब आलं आणि त्याच वर्षी हुंडा देण्याघेण्याची शिक्षा किमान पाच वर्षांवर गेली. ही सगळी कामगिरी एकट्या प्रमिलाताईंची नाही. देशभर त्या वर्षांत बायका जळालेल्या सुनांसाठी रस्त्यावर होत्या. पण रस्त्यावरचा आवाज कायद्याच्या भाषेत आणणारं कोणी तरी आत असावं लागतं. त्या आत होत्या.

आणि म्हणूनच पुढची सगळी वर्षं त्या एका मागणीला धरून बसल्या: आत जास्त बायका हव्यात. ही मागणी तेव्हा बायकांच्या चळवळीतही सगळ्यांना मान्य नव्हती. 1974 मध्ये देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा मोठा अहवाल सरकारला सादर झाला. तो लिहिणाऱ्या समितीतल्या बहुतेकांनी विधिमंडळात राखीव जागा नकोत असंच म्हटलं होतं. वीणा मजुमदार आणि लतिका सरकार यांनी वेगळं मत नोंदवलं. गावपातळीवर मात्र बायकांच्या पंचायती असाव्यात, अशी त्याच अहवालाची शिफारस होती.

गावपातळीवर महाराष्ट्र पुढे गेला. 1990 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना 30 टक्के जागा देणारा कायदा झाला. 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. 1999 मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आपल्या जिल्हा परिषदेत बायका असणारच हे आधीच ठरलेलं होतं. 2011 मध्ये राज्यानं हे प्रमाण निम्म्यावर नेलं.

दिल्लीत मात्र गाडी अडली. 12 सप्टेंबर 1996 रोजी देवेगौडा सरकारनं लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागांचं विधेयक आणलं. पंतप्रधान जनता दलाचे, आणि विधेयक अडवणाऱ्यांत जनता दलाचेच ज्येष्ठ नेते. प्रमिलाताईही त्याच पक्षाच्या. 1998 मध्ये तर भर सभागृहात कायदामंत्र्यांच्या हातातून विधेयकाचे कागद हिसकावून फाडले गेले. विरोध करणारे म्हणत, मागासवर्गीय बायकांना वेगळा वाटा नसेल तर शहरी, सुखवस्तू बायकाच निवडून येतील. हा आक्षेप फेकून देण्याजोगा नाही, असं मला वाटतं. पण त्याचं उत्तर आपल्या तहसीलच्या बरणीत होतं. तिथे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग आणि सर्वसाधारण, अशा प्रत्येक गटाच्या आतच बायकांचा वाटा काढला जातो. सेनगावला जे जमतं ते दिल्लीला का जमू नये?

31 डिसेंबर 2001 रोजी प्रमिलाताई गेल्या. विधेयक तेव्हा लोंबकळतच होतं. 2010 मध्ये ते राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत पोचूनही विरलं. शेवटी सप्टेंबर 2023 मध्ये लोकसभेनं ते 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केलं, राज्यसभेनं एकमतानं. 106 वी घटनादुरुस्ती झाली. पण जागा प्रत्यक्षात राखीव होण्याआधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना व्हावी, अशी अट त्यात आहे. राखीव मतदारसंघ दर फेररचनेनंतर बदलतील, म्हणजे सरपंचपदासारखं इथेही रोटेशन.

हिंगोली लोकसभा मतदारसंघ 1977 पासून आहे. 2024 पर्यंत इथे 13 सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यात बाई दोनदा निवडून आली, 1998 आणि 2004 मध्ये, आणि दोन्ही वेळा त्या सूर्यकांता पाटीलच होत्या. 2024 मध्ये महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या 48 जणांत बायका 7.

आणि इकडे गावात, सरपंच बाईंच्या नवऱ्यावर, ‘सरपंचपती’वर, विनोद करायची आपल्याकडे फार हौस. मला तो विनोद सहन होत नाही. पहिल्या वर्षी मस्टर, ठराव, वित्त आयोग हे शब्द ऐकून बिचकलेली बाई तिसऱ्या-चौथ्या वर्षी ग्रामसेवकाला ‘हे बिल कशाचं, आधी दाखवा’ म्हणताना मी पाहिली आहे. आणि नेमकी तेव्हा मुदत संपते. पुढच्या सोडतीत सीट दुसऱ्या गटाला सुटते, आणि शिकलेली बाई परत चुलीपुढे. तिला खुल्या जागेवर पुन्हा उभं करायचं कोणत्या पॅनलच्या मनात येतं?

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते. सह्या आणि अंगठे घरोघर फिरून गोळा केले जातात. जिथे खरोखर होते, तिथे विषय ठरलेले असतात: पाणी, दारूचं दुकान, शाळेची भिंत, स्मशानाची वाट. अशाच एका सभेत, औंढ्याकडच्या एका गावात, पाच वर्षं सरपंच राहून घरी बसलेल्या एक आजी मागच्या रांगेत होत्या. मी पेपरवाला आहे हे कळल्यावर त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, “दिल्लीची सीट बाईला कधी सुटणार हो?”