धसईत स्ट्रॉबेरी लावावी की रासबेरी?

सरळ सांगायचं तर धसईत रासबेरीचा नाद सोडा. तिच्या काटेरी फांद्यांवरच्या कळ्या हिवाळ्यात निजतात. जुन्या, प्रचलित जातींच्या कळ्यांना ७ अंशांखालच्या थंडीचे आठशेहून जास्त तास मिळाले, तरच त्या नीट फुटतात. मुरबाड तालुक्यातल्या या गावात, सह्याद्रीच्या पायथ्याशी एवढी थंडी कुठली? शिवाय कोकणातल्या धो धो पावसात मुळं कुजतात ती वेगळीच.

स्ट्रॉबेरीचं गणित निराळं आहे. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की ती फुलं धरते. लांबलचक थंड झोपेवाचूनही तिचं भागतं. म्हणून सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात पाऊस सरताच रोपं लावून हिवाळाभर फळं तोडतात. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

धसईत महाबळेश्वरासारखं पीक येणार नाही. हंगाम आखूड, मार्चचं ऊन कडक. पण हौसेपुरत्या चार कुंड्या जमतील. ऑक्टोबरअखेर रोपं लावा, गाभा मातीत गाडू नका, खाली भाताचा पेंढा पसरा. रासबेरीचं काटेरी कुंपण मनात असेल, तर तिथे मात्र करवंदच लावा.