भरल्या भाजीचे सारण आणि मूत्रपिंडाचे पथ्य

आपल्याकडे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचे मूत्रपिंड अशक्त झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात एक अलिखित फर्मान जारी होते : भाज्या बंद, डाळ बंद, सणाचे पान बंद, आणि मग गौरीजेवणाला किंवा चातुर्मासभर वर्ज्य मानलेले वांगे ज्या दिवशी पुन्हा पंक्तीत रुजू होते त्या चंपाषष्ठीला सारे घर भरल्या भाजीचे कौतुक करीत असता, ज्याच्या काळजीपोटी हा सारा बंदोबस्त झाला तो मनुष्य मात्र आळणी भात आणि दुधीच्या फोडी यांच्याशी मुकाट्याने झुंजत बसलेला दिसतो. या फर्मानामागची माया निर्विवाद आहे. त्यामागचे ज्ञान मात्र बरेचसे ऐकीव आहे. भरली भाजी या रुग्णाला सर्वथा निषिद्ध नाही. तिच्यात काय भरले, मीठ किती घातले आणि ती कोणत्या पाण्यात शिजली, एवढ्याच गोष्टींवर तिचे हिताहित ठरते.

पहिला आणि सर्वांत रूढ गैरसमज असा की, भाज्यांत पोटॅशियम असते, अशक्त मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, सबब भाजी हीच शत्रू. यातला पूर्वार्ध खरा आहे. रक्तातील पोटॅशियम साधारणतः लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल या मर्यादेत असावे लागते, आणि ते फार चढल्यास हृदयाचा ताल बिघडून प्राणावर बेतू शकते. परंतु मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या प्रत्येकाचे पोटॅशियम चढलेले असते असे मुळीच नाही. विकाराच्या आरंभीच्या पायऱ्यांवर असलेल्या पुष्कळांचे ते मर्यादेतच असते, आणि अशांच्या ताटातून भाजी उचलणे म्हणजे गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच जप्ती आणणे होय. मूत्रपिंडाच्या विकारांविषयी मार्गदर्शक सूत्रे ठरविणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२४ साली जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत तर अशा रुग्णांनी वनस्पतिजन्य आहाराचे प्रमाण वाढवावे, असाच सल्ला दिलेला आहे. त्याला कारणेही आहेत. भाज्यांतील चोथ्यामुळे कोठा साफ राहतो, आणि मूत्रपिंड थकले असता पोटॅशियम बाहेर टाकण्याच्या कामात मोठे आतडे पूर्वीपेक्षा अधिक वाटा उचलते. म्हणजे भाजी तोडून बद्धकोष्ठ ओढवून घेणाऱ्याचे पोटॅशियम उतरण्याऐवजी चढण्याचाच संभव.

ज्यांचे पोटॅशियम खरोखर चढलेले आहे, त्यांना मात्र हिशेब ठेवावाच लागतो, आणि येथे भरल्या भाजीची गंमत अशी की, दोष पुष्कळदा वरच्या भाजीचा नसून आतल्या सारणाचा असतो. ढोबळी मिरचीचेच उदाहरण घ्या. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे १७५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. तिच्यात आपण जो बटाटा ठासून भरतो त्याच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ४२० मिलिग्रॅम. म्हणजे निरुपद्रवी पाहुण्याच्या नावाने आत भलताच इसम येऊन बसतो! वांग्यात सुमारे २३० मिलिग्रॅम, हे मध्यम प्रमाण झाले. कारली आणि भेंडी यांत सुमारे ३००. पालक मात्र ५५० च्या घरात जातो, तेव्हा ‘पौष्टिक’ म्हणून त्याचे सारण करण्याची मसलत कोणी दिली तर ती नम्रपणे नाकारावी.

शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे या आपल्या परंपरागत सारणाच्या त्रिकुटावर दुसरा आरोप केला जातो तो स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. शंभर ग्रॅम तिळांत सहाशे मिलिग्रॅमांहून अधिक आणि शेंगदाण्यांत पावणेचारशेच्या आसपास स्फुरद असते, हे आकडे वाचून कोणीही दचकेल. पण शंभर ग्रॅम तीळ एका बैठकीत खाणारा महाभाग अद्याप जन्मायचा आहे. शिवाय दाण्यांतील स्फुरद बव्हंशी अशा स्वरूपात बांधलेले असते की, त्याचा निम्म्याहून कमी भाग शरीरात शोषला जातो. उलट कारखान्यात तयार होणाऱ्या चीजमध्ये, काळ्या फसफसत्या पेयांत आणि टिकाऊ मांसपदार्थांत मिसळलेले फॉस्फेटचे क्षार जवळजवळ पूर्णपणे रक्तात उतरतात. दाण्याच्या कुटाचा एक चमचा काटेकोरपणे नाकारून त्याच मिरचीवर चीज किसून घालण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्यात पथ्य कोठे उरते हे मला कळत नाही. ज्याचे स्फुरद वाढलेले आहे त्यानेही माणशी चमचाभर कूट आपल्या आहारतज्ज्ञाच्या संमतीने खाण्यास सहसा हरकत नसते. पाकिटामागचा मजकूर वाचून ‘फॉस्फेट’ हा शब्द आढळताच पाकीट परत ठेवणे, हे अधिक फलदायी.

आता पाण्याविषयी. भाजीचे पाणी फेकू नये, त्यात सत्त्व असते, हा आपल्या आजीबाईंचा शिरस्ता निरोगी माणसाला उत्तमच आहे. परंतु पोटॅशियम पाण्यात विरघळते, आणि ज्याला ते नको आहे त्याच्यासाठी नेमके हेच ‘सत्त्व’ मोरीत ओतावयाचे असते. त्यातही एक गैरसमज शिरलेला आहे : बटाटा रात्रभर थंड पाण्यात भिजत घातला की त्यातील पोटॅशियम निघून जाते, असे पुष्कळजण समजतात. नुसत्या भिजवण्याने फारच थोडे निघते. बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळाव्या आणि ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे ते अर्ध्याच्या आसपास उतरते. किसून उकळल्यास त्याहूनही अधिक. कुकरात वाफवलेला अखंड बटाटा या दृष्टीने जवळजवळ कोराच राहतो. याच न्यायाने भरल्या वांग्याच्या रश्शात वांग्याचे पोटॅशियम उतरलेले असते, म्हणून वांगे घ्यावे आणि रस्सा पातेल्यात राहू द्यावा. अर्थात ज्याचे पोटॅशियम ठीक आहे त्याने हा खटाटोप करू नये. पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. आणि वांगी चिरल्यावर काळी पडू नयेत म्हणून ती मिठाच्या पाण्यात टाकण्याची जी सवय आहे, ती सोडून साधे पाणी वापरावे. तेवढ्या वेळापुरते तेही पुरते.

मिठाचा उल्लेख आला तो बरा झाला; कारण सणाच्या पानातला खरा अपराधी तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ मनुष्याने दिवसाकाठी पाच ग्रॅमांहून कमी मीठ खावे. म्हणजे भाजी, वरण, लोणचे, पापड सारे धरून एक सपाट चमचाभर. मूत्रपिंडाच्या रुग्णालाही हीच मर्यादा सांगितली जाते. सैंधव घेतल्याने ही मर्यादा शिथिल होते, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. वस्तुतः सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, रंग तेवढा निराळा. याहून घातक समजूत ‘कमी सोडियमच्या’ मिठाविषयीची. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. सामान्य मनुष्याचा रक्तदाब उतरविण्यास ते उपयुक्त असले, तरी जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिफारस करताना मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्या शिफारशीतून स्पष्टपणे वगळले आहे. आणि भाजी मऊ शिजावी म्हणून घातलेला खाण्याचा सोडा? एका चमचाभर सोड्यात बाराशे मिलिग्रॅमांहून अधिक सोडियम असते, म्हणजे दिवसाच्या शिध्याच्या निम्म्याहून अधिक. पानाची डावी बाजू, म्हणजे मीठ, चटणी, लोणचे, या रुग्णापुरती बरखास्त करून लिंबाची फोड तेवढी ठेवावी. अमेरिकेतील मराठी कुटुंबे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीस जातात, तेथे पावाच्या तुकड्यांचे जे सारण वाढले जाते त्यातही सेलरी-कांद्यापेक्षा पाव आणि डब्यातील तयार अर्क यांतले मीठच अधिक जाचक असते.

रुग्णाला ‘हलके’ अन्न द्यावे, या कल्पनेचाही थोडा खुलासा केला पाहिजे. कमी तेलाचे ते हलके, हे पोटाच्या आणि कंबरेच्या दृष्टीने खरे. मूत्रपिंडाच्या दृष्टीने तेलात ना पोटॅशियम, ना स्फुरद, ना सोडियम. उलट हलका म्हणून गौरविलेला उपवासाचा फराळ, म्हणजे बटाटा, रताळे, दाण्याचा कूट, केळे, वर शहाळ्याचे पाणी, हा पोटॅशियम चढलेल्या रुग्णाला सणाच्या जेवणाहून जड पडतो. राहिली फर्मानातली डाळबंदी. डाळ आणि प्रथिने अजिबात तोडण्याची प्रथा १९६३-६४ च्या सुमारास इटलीत जिओर्दानो आणि जिओव्हानेत्ती यांनी आखलेल्या अत्यल्प प्रथिनांच्या आहाराची दूरची छाया असावी, असे मला वाटते. तो काळ डायलिसिस दुर्मिळ असण्याचा होता. आज डायलिसिसपूर्वीच्या बहुतेक प्रौढ रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर १ ते १.२ ग्रॅम, कारण त्या प्रक्रियेत प्रथिनांशांची झीज होते.

तेव्हा चार माणसांसाठी एक तजवीज सुचवितो. शंभर-शंभर ग्रॅमांच्या चार ढोबळी मिरच्या घ्याव्या, देठाकडची टोपी कापून बिया काढाव्या, उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून पाणी टाकून द्यावे. दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी निराळा उकळून घट्ट पिळावा. दोन चमचे तेलात जिरे, हिंग, आले आणि हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात दोन मध्यम कांदे मऊ होईतो परतावे. मग कोबी, दीड वाटी मोकळा शिळा भात किंवा भिजवलेले जाडे पोहे, चमचाभर भाजलेल्या तिळांचा कूट, थोडी कोथिंबीर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. मीठ चौघांत मिळून पाव चमचा. गोडा मसाला घालायचा तर घरचा. विकतच्या मसाल्यात पुष्कळदा मीठ मिसळलेले असते. सारण भरून मिरच्या झाकणाखाली मंद आचेवर दोन्ही अंगांनी खरपूस होऊ द्याव्या. लिंबू, हिंग आणि करपलेल्या सालीचा वास यांनी मिठाची उणीव जेवढी झाकली जाते तेवढी कोणत्याही बदली मिठाने झाकली जात नाही, असे माझे मत आहे. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्यांनी मात्र सारणातला भात त्या दिवशीच्या भाताच्या हिशेबातच धरावा.

अशा एका मिरचीतून सारणासह साधारण तीनशे मिलिग्रॅमांच्या आत पोटॅशियम पोटात जाते; बटाटा भरलेल्या तेवढ्याच मिरचीतून सहाशेच्या घरात. परंतु हे गणित एका मिरचीचे आहे. आग्रहाखातर दुसरी घेतली तर हा आकडाही सहाशेलाच जाऊन भिडतो, म्हणून वाढणाऱ्याने या एका पानाला आग्रह करू नये, आणि जेवणाऱ्याने सणाच्या आठवडाभर आधीच आपला रक्ततपासणीचा ताजा कागद घेऊन आहारतज्ज्ञाला विचारून यावे.