एका प्रश्नाला चार बाजूंनी पाहा



येरवडा म्हटले की तुरुंग आठवतो. त्याच तुरुंगात १९३० च्या सुमारास गांधीजींनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर काम केले. मोठे चाक प्रवासात अडचणीचे, आणि लहान केले तर चातीला वेग मिळेना. मग दोन चाके जोडून वेग वाढवला. सुताचा प्रश्न सुटला तो यंत्रशास्त्राने. तो चरखा 'येरवडा चक्र' म्हणून ओळखला जातो.

आपल्या सहकाराचेही तसेच. विठ्ठलराव विखे पाटील शेतकरी, धनंजयराव गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ. दोघांच्या विचारांची सांगड बसली आणि १९५० साली प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला.

कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते, अशी म्हण आहे. तसे आपलेही होते. उसाचे काहीही बिघडले की, "टाका युरिया, सोडा पाणी!" त्याऐवजी तीन शास्त्रांकडून तीन गोष्टी उसन्या घ्या.

पहिली रसायनशास्त्राची. लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने पिंपाचा दाखला देतात. पिंपाची जी फळी सर्वांत आखूड, तिथपर्यंतच पाणी राहते. चुनखडीच्या रानात लोह मिळेनासे झाले की उसावर केवडा पडतो. तिथे युरियाचे आणखी पोते म्हणजे उंच फळी आणखी उंच करणे. तिथे हिराकस शेणखतात मुरवून द्यावे लागते.

दुसरी अर्थशास्त्राची. पहिल्या पोत्याने जेवढा ऊस वाढतो, तेवढा पाचव्याने वाढत नाही. पोत्याची किंमत मात्र तीच. म्हणून एकूण टनेज बघू नका. शेवटच्या पोत्याने किती दिले ते बघा.

तिसरी जमाखर्चाची. प्रत्येक पाण्याबरोबर रानात थोडे क्षार जमा होतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. निचऱ्याचा चर नसेल तर खर्चाची बाजू कोरी, आणि शिल्लक दरवर्षी वाढते. कृष्णाकाठी चांगली चांगली राने अशीच खारवट झाली. पाणी मुबलक होते, पण निचऱ्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तेव्हा पुढचा डोस देण्याआधी स्वतःला विचारा: आखूड फळी कोणती? शेवटचे पोते परवडते का? क्षार बाहेर कुठून जाणार? पहिल्याचे उत्तर अंदाजाने मिळत नाही, त्याला माती परीक्षणच लागते. नमुना लागणीपूर्वी, खत टाकण्याआधी घ्या. रान एकदा खारवटले तर सुधारायला वर्षे जातात. विचार करायला एक संध्याकाळ पुरते.

– ऊस विकास अधिकारी