ओठांवरचा जर : त्रास थोडा, दक्षता मोठी

‘डॉक्टर, ताप तर गेला, आता हे काय उपटलं?’ असे म्हणत काही महिन्यांपूर्वी एक बाई दवाखान्यात आल्या. खालच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका होता. हातात मलमाची ट्यूब होती. मुलाच्या गजकर्णासाठी आणलेले ते मलम ओठाला लावू का, एवढेच त्यांना विचारायचे होते. ‘लवकर बरं करा, उद्या नातवाचं बारसं आहे,’ असेही त्या म्हणाल्या.

तापानंतर असे फोड आले की आपल्याकडे ‘जर उठला’ म्हणतात. अंगातली उष्णता बाहेर पडली, असा समज आहे. तो बरोबर नाही. हे फोड हर्पीस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे येतात. बहुधा लहानपणीच तो शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी कायमचा दडून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण किंवा मासिक पाळी असे निमित्त मिळाले की तो पुन्हा ओठावर येतो. कंबरेला किंवा छातीला पट्ट्यासारखी उठणारी नागीण याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूमुळे होते.

आधी ओठाला चुणचुण, मग फोड, ते फुटून ओली जखम आणि शेवटी खपली, असा हा क्रम असतो. साधारण ७ ते १० दिवसांत जखम आपोआप भरते. असायक्लोव्हीरचे मलम चुणचुण सुरू होताच, दिवसातून ५ वेळा लावले तर एखादा दिवस वाचतो. उशिरा लावून फारसा उपयोग नाही. वारंवार जर येत असेल तर गोळ्या असतात; त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. एरवी थंड पाण्याची घडी ठेवावी, ओठ तडकू नयेत म्हणून पेट्रोलियम जेली लावावी, दुखल्यास पॅरासिटामॉल घ्यावे. आंबट, तिखट, खारट टाळावे. चुना, टूथपेस्ट लावू नये. खपली काढू नये.

बाईंच्या हातातल्या मलमात स्टिरॉइड होते. त्याने विषाणूला मोकळे रान मिळते. ते मी बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, ‘मावशी, फोड आल्यापासून बाळाचा पापा घेतलात का?’

‘ताप होता म्हणून जवळ गेलेच नाही. पण उद्या घेणार ना!’

उद्याही घ्यायचा नाही, असे मी सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पण वाचकहो, मोठ्यांना किरकोळ वाटणारा हा जर पहिल्या महिन्याभराच्या बाळाला झाला तर विषाणू मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचू शकतो; जीवही जाऊ शकतो. म्हणून खपली पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत बाळाचा पापा घेऊ नये. तेल लावणे, न्हाऊ घालणे हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. जवळ जावेच लागले तर हात साबणाने धुऊन, तोंड झाकून जावे. तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, अंग तापले वा गार पडले, झटके आले किंवा अंगावर फोड दिसले तर तडक रुग्णालय गाठावे.

मोठ्यांनीही जराला लागलेला हात डोळ्याला लावू नये. टॉवेल, पेला, लिपस्टिक वेगळी ठेवावी. डोळा लाल होऊन दुखू लागला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

बारसे ठरल्या दिवशीच झाले. संध्याकाळी बाईंचा मुलगा घुगऱ्या घेऊन आला. ‘आईने पाळण्याची दोरी हलवली, पण लांबूनच,’ तो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्या स्वतः आल्या. ओठ स्वच्छ होता. मी म्हटले, ‘मावशी, आता घ्या पापा!’