आक्रमक चाल आणि शांत हिशेब

गणेशोत्सवात रात्रीची भजने आटोपली की कोकणात घरोघरी ओटीवर पत्त्यांचे डाव रंगतात. तीन पत्तीच्या अशा बैठकीत एक गडी हमखास असा निघतो, की जो आपली पाने न पाहताच चाल वाढवीत जातो. समोरचे एकेक करून पाने टाकतात आणि हा हसत हसत पैसे गोळा करतो. त्याच्या नशिबाचे मग कौतुक होते. वस्तुतः तेथे नशिबाचा भाग थोडा आणि इतरांच्या भीतीचा भाग मोठा असतो.

साधे गणित पाहावे. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० प्रकारांत साधी जोडीदेखील नसते. म्हणजे शंभरातून सुमारे चौऱ्याहत्तर वेळा प्रत्येकाचा हात रिकामाच असतो. निसर्गाचा हा नियम आक्रमक गड्यालाही लागू आहे. तो दर डावाला चाल वाढवीत असेल, तर बहुतेक वेळा त्याच्याजवळ काहीही नसते. शिवाय तीन पत्तीचा नियमही त्याच्याच बाजूचा. त्याने न पाहता एक रुपया लावला, तर पाहून खेळणाऱ्याला निदान दोन लावावे लागतात. ज्ञानाची किंमत येथे दुप्पट पडते.

जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली खेळांच्या सिद्धान्तावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पोकर या तीन पत्तीच्या पाश्चात्त्य भावंडाचा गणिती विचार केला. खोटी चाल ही केवळ लबाडी नसून चांगल्या खेळाचा तो अटळ भाग आहे, हे त्यांनी दाखवून दिले. जो केवळ चांगल्या पानांवरच पैसे लावतो, त्याची चाल पाहताच बाकीचे उठून जातात. अधूनमधून रिकाम्या हातानेही पुढे जाणाऱ्याच्या चांगल्या पानांना मात्र पुरेपूर मोल मिळते.

मग अशा गड्यापुढे वागावे कसे? समजा, पटावर शंभर रुपये आहेत आणि त्याने रिकाम्या हाताने आणखी शंभर लावले. समोरच्याने दोनांपैकी एकदा माघार घेतली, तर त्याचा नफातोटा सारखाच राहतो. तीनांपैकी दोनदा घेतली, तर दर खेपेस त्याला सरासरी तेहतीस रुपये सुटतात. उलट त्याला आव्हान देणाऱ्याला दोनशे मिळविण्यासाठी शंभर लावायचे असतात. तीनांपैकी एकदा जरी त्याचा अंदाज खरा ठरला, तरी त्याचे नुकसान नाही. म्हणून एरवी टाकून दिली असती अशी मध्यम पाने अशा वेळी राखावीत, चांगली पाने आली की शांत राहून त्यालाच चाल वाढवू द्यावी. मागे न हटणाऱ्याला खोट्या चालीने भिववू पाहणे मात्र व्यर्थ. भीती आणि ईर्ष्या या दोन्हींवरच त्याचा उदरनिर्वाह चालतो.

या हिशेबाला एक अट आहे. काही डाव हरूनही टिकून राहण्याइतके बळ गाठीशी हवे. ते नसेल तर बरोबर गणित करणाराही उठविला जातो. नेमके येथे हा विषय ओटीवरून बाजारात येतो.

आमच्या कणकवलीच्या परिसरात काजू बीचा हंगाम सुरू झाला की खरेदीदाराचे शब्द ठरलेले असतात : आज घाला, उद्या भाव उतरेल. कधी ते खरे असते, कधी ती न पाहता केलेली चाल असते. शेतकरी दरवेळी पान टाकतो, कारण त्याला सोसायटीचे कर्ज फेडायचे असते, मजुरी द्यायची असते. हापूसच्या बागायतदाराला तर थांबण्याची सोयच नाही. पिकलेला आंबा वाट पाहत नाही. काजू बी मात्र नीट वाळवून ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात मध्यम पाने आहेत, उणीव आहे ती टिकण्याच्या बळाची. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत काजू बीचाही समावेश आहे. गोदामात माल ठेवून त्यावर उचल घेणे म्हणजे बेताल चालीला दिलेले शांत उत्तर होय. मात्र गोदाम गावाजवळ हवे आणि उचल वेळेवर हवी. एरवी योजना कागदावरच राहील. शेतकऱ्याने नेटाने भाव मागावा असा उपदेश करणे सोपे आहे. त्याला पंधरा दिवस थांबता येईल अशी व्यवस्था करणे हेच खरे काम आहे.

जुगाराचे समर्थन यातून कोणी काढू नये. मांडवीतील कॅसिनोंच्या बोटींवर पटातला वाटा यजमान आधीच काढून घेतो. तेथे खेळणाऱ्यांचा एकत्रित हिशेब तोट्याचाच असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, तोही अनेक संसार या तोट्यात बुडाल्यावर. महाभारतातील युधिष्ठिर सर्वस्व हरला, आणि पुढे वनवासात बृहदश्व ऋषींनी त्याला नलाची कथा सांगून अक्षविद्या शिकविली. ज्ञान आले, पण राज्य गेल्यानंतर. आपल्या शेतकऱ्याला ते हंगामापूर्वी मिळावे, आणि ज्ञानाबरोबर थांबण्याचे बळही मिळावे.