मद्यपाश तोडू पाहणाऱ्यांची सभा

मुंबईत शाळा सुटल्यावर काही वर्गांतील बाकांवर निराळीच मंडळी येऊन बसते. मद्यपाश तोडू इच्छिणाऱ्यांची ती सभा होय. अमेरिकेतील अॅक्रन गावी इ. स. १९३५ मध्ये एक शेअरदलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही व्यसनी, एकमेकांशी बोलून सावरले. त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही संस्था निघाली. जवळची सभा कोठे व केव्हा भरते, हे संस्थेच्या दूरध्वनीवर विचारावे. तेथे फी नाही, आडनाव कोणी पुसत नाही. पिणे सोडण्याची इच्छा एवढीच अट. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. घरच्या मंडळींकरिता १९५१ पासून ‘अल-अॅनन’ निराळी आहे. बाटल्या लपविता लपविता शिणलेल्या मातेने तेथे अवश्य जावे, असे आम्ही सुचवितो. मग पती आपल्या सभेस जावो वा न जावो.